उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

प्रश्न : गाडी तीन तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची, वर्षभर जुनी. शेजारी दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. या वेळी पहिल्या रविवारी गाडी कशीबशी सुरू झाली, दुसऱ्या रविवारी सेल्फ नुसता टकटक करत राहिला. नवी बॅटरी घ्यावी का? दिवाळीत डॅशकॅम (काचेमागून रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवला आहे.

उत्तर : बॅटरीआधी डॅशकॅमवर संशय घ्या. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग मिळून बंद गाडीतही २० ते ५० मिलिॲम्पिअर ओढतात. ३० धरले तर दिवसाला ०.७ ॲम्पिअर-अवर. पार्किंग मोडमधला, म्हणजे गाडी उभी असतानाही चालू राहणारा कॅमेरा १०० मिलिॲम्पिअर जरी घेत असेल, तरी आणखी २.४ गेले. आठवड्यात २२ च्या आसपास उतरतात. उभ्या इंजिनाची दहा मिनिटं त्यातले जेमतेम एक-दोन भरून देतात. तो रविवारचा उपचार बंदच करा.

खात्री करायची तर किल्ली काढा, दारांची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने मिटवून गाडीला दारं बंद असल्याचं भासवा. निगेटिव्ह केबल काढून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर जोडा. स्मार्ट किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा; लगेच घेतलेलं रीडिंग जास्तच येतं, कारण कॉम्प्युटर अजून झोपलेले नसतात. या जोडणीत सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा ५० मिलिॲम्पिअरच्या (मीटरवर ०.०५) बराच वर असेल तर कॅमेऱ्याचा फ्यूज काढून पाहा.

तीन आठवड्यांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय फुकटचा आहे : १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. आधी निगेटिव्हच, पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. जोडताना निगेटिव्ह शेवटी. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल, स्टीरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. दार लोखंडी किल्लीने लावा, रिमोट चालणार नाही.

बॅटरी आता चार्जरवर पूर्ण भरा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.६ व्होल्ट असेल तर ठीक. १२.४ च्या खाली घसरली, तर उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं असण्याची शक्यता आहे. मग दुकानात लोड टेस्ट (भार टाकून बॅटरी किती तग धरते ते पाहणारी चाचणी) करून घ्या आणि त्यातही नापास झाली तरच नवी घ्या.