होणारा नवरा म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर आहे. लग्नानंतर आधी पासपोर्टवरचं नाव बदलून मग व्हिसाचा अर्ज करू का? आणि जर्मनची परीक्षा द्यावीच लागते का?

नाव बदलू नका. निदान व्हिसा हातात पडेपर्यंत तरी नाहीच. परीक्षेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी त्याचंच सांगते.

मी २०१६ साली लग्न करून पुण्याहून श्टुटगार्टला आले. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि घरच्यांनी हौसेने तेच विवाह नोंदणीच्या अर्जातही भरलं. पासपोर्ट, डिग्री, बँकेचं खातं सगळं माहेरच्या नावाने आणि विवाह प्रमाणपत्रावर मात्र पहिलं नावसुद्धा वेगळं. या दोघी एकच आहेत हे पटवण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग दुरुस्त प्रमाणपत्र, असे चार महिने गेले. नवरा तिकडे एकटा, मी इकडे सासरी, आणि भेटेल तो विचारायचा, "अजून गेली नाहीस?" त्या प्रश्नाचा मला फार त्रास झाला. तुमच्या वाट्याला तो येऊ नये असं मनापासून वाटतं.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, आणि नवरा-बायकोचं आडनाव एक असावं अशी जर्मनीचीही अट नाही. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली नोंदणी कराल तेव्हा पासपोर्ट समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. नवऱ्याचंही. आणखी एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली. पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असेल, तर जर्मन कार्यालयं ते तुमचंच दुसरं नाव धरतात. उद्या तिथे नवऱ्याचं नाव घातलंत तर तेही तुमचंच नाव म्हणून निवास परवान्यावर छापलं जाईल. कधी नाव बदलायचंच ठरलं तर हे आधी माहीत असू द्या.

आता परीक्षा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-१, म्हणजे जर्मनची अगदी पहिल्या पातळीची परीक्षा, लागत नाही. गंमत म्हणजे नवरा जर्मन नागरिक असता तर साधारणपणे ती द्यावी लागली असती. माझ्या नवऱ्याकडे तेव्हा साधा कामाचा परवाना होता, त्यामुळे मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात ती दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं मिळून १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची, नावाचं स्पेलिंग सांगायचं, आकडे बोलायचे. आकड्यांना घाबरू नका. जर्मन लोक पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच एकक आधी. वर्गात बाकीचे अडखळत होते तिथे मराठी मुलं सरळ पुढे जात होती.

सक्ती नसली तरी लग्नापर्यंत मिळेल तेवढं शिका. जोडीदार म्हणून आलेल्या माणसाला इथे पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, वेगळा परवाना लागत नाही. हा हक्क फार मोलाचा आहे. पण भाषेवाचून तो नुसता कार्डावर राहतो. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली.

साखरपुड्याच्या जोरावर मात्र हा व्हिसा मिळत नाही, एकत्र राहत असल्याच्या जोरावरही नाही. लग्न झालेलं हवं, आणि दोघांचं वय १८ पूर्ण हवं.

अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे जातो, पण बऱ्याचदा नवऱ्याच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचाही होकार लागतो. म्हणून त्यांना आत्ताच तिथे पूर्वसंमतीबद्दल विचारायला सांगा. ती मिळाली तर बराच वेळ वाचतो. कागदांबद्दल मी एवढा जीव का काढतेय, त्याला आणखी एक कारण आहे. अर्ज नाकारला तर पूर्वी फुकट फेरविचार मागता यायचा. ती सोय १ जुलै २०२५पासून बंद झाली. आता नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा.

आणि नवऱ्याला घराच्या टपालपेटीवर तुमचंही आडनाव लावायला सांगा. इथे पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, ते नसेल तर पत्र परत जातं. विम्याची, कराची, परवान्याची पत्रं अजूनही बहुतेक टपालानेच येतात. आमच्या पेटीवर आज इतक्या वर्षांनंतरही दोन आडनावं आहेत.