पाठपुरावा सोडू पाहणाऱ्या एका बातमीदारास

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा मारला गेलेला पत्रकार नॉर्बेर झोंगो याच्यावरचे तुझे टिपण वाचले. ते चांगले उतरले आहे, पण शेवटी ‘एवढे करून त्याला मिळाले काय?’ असे जे विचारले आहेस, ते वाचून मी चिडलो. हा प्रश्न झोंगोचा नाही, तुझा आहे. वाळूच्या डंपरखाली गेलेल्या मजुराची तुझी बातमी दोनदा छापून आली, तिसऱ्यांदा ‘आता लोकांना कंटाळा आला’ म्हणून परत आली, आणि तू जनसंपर्काच्या नोकरीचा अर्ज भरून बसलास.

झोंगोच्या मरणापासून सुरुवात करण्याची सगळ्यांनाच घाई असते. तू त्याचे काम पाहा. बुर्किना फासोतल्या कुदुगूत १९४९ साली जन्मलेल्या या माणसाने शिक्षकी केली, कादंबऱ्या लिहिल्या, सरकारी वृत्तपत्रात नोकरी केली आणि १९९३ मध्ये राजधानी वागादुगूत ‘लँदेपाँदाँ’ हे साप्ताहिक काढले. जानेवारी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्लेझ काँपाओरे यांचे भाऊ फ्रान्स्वा यांच्याकडे चालक असलेला दाविद वेद्राओगो मेला. त्याच्यावर पैसे चोरल्याचा आळ होता. राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाने त्याला ताब्यात घेतले आणि तिथल्या छळात तो गेला. बातमी एकदा छापून दुसरा कोणी मोकळा झाला असता. झोंगो मात्र तेच प्रकरण पुन्हा पुन्हा अंकात आणत राहिला. वाचकांना कंटाळा येईल का, हा विचार त्याच्याही मनात आला असेल, नाही असे नाही; पण अंक निघत राहिले.

पाठपुरावा तो हाच. पहिली बातमी ठाण्यातला हवालदारही फोन करून देतो, तिच्यात तुझे कर्तृत्व काही नसते. दुसरी, पाचवी, आणि कोणी विचारेनासे झाल्यावर लिहिलेली बातमी, ती तुझी.

१३ डिसेंबर १९९८ रोजी वागादुगूच्या दक्षिणेला सापुयजवळच्या रस्त्यावर झोंगोची गाडी जळालेली सापडली. मृतांत झोंगो, त्याचा भाऊ एर्नेस्ट, ब्लेझ इल्बुदो आणि गाडीचा चालक आब्लासे निकिएमा. तुझ्या टिपणात उरलेले तिघे ‘सहकारी’ एवढ्यात उरकले आहेत. एका चालकाच्या मरणाचा पाठपुरावा करणाऱ्यावर लिहिताना त्याच्याच चालकाचे नाव गाळायचे, याला काय म्हणावे?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. स्वतंत्र चौकशी आयोगाने १९९९ मध्ये रक्षकदलातल्या सहा जणांवर गंभीर संशय नोंदवला, पण आरोप एकट्यावरच ठेवला गेला आणि २००६ मध्ये तोही खटला गुंडाळला गेला. पुढे याच हत्येच्या प्रकरणात मागितलेले फ्रान्स्वा यांचे फ्रान्सहून प्रत्यार्पण युरोपीय मानवाधिकार न्यायालयामुळे २०२३ मध्ये अडले. म्हणजे झोंगोला न्याय मिळाला नाही. इथवर तू बरोबर आहेस. परंतु त्याने ज्याचा पिच्छा पुरवला, त्या दाविदच्या मृत्यूबद्दल रक्षकदलाच्या सैनिकांना लष्करी न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरवले. झोंगोच्या हत्येनंतर पेटलेल्या आंदोलनांच्या दबावाखाली त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला दोन कार्यकाळांची मर्यादा घालावी लागली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ती मर्यादा काढायला गेलेले काँपाओरे सत्ता सोडून पळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने मारेकऱ्यांचा शोध नीट न घेतल्याबद्दल बुर्किना फासोच्या सरकारला दोषी धरले होते. तिथेही खटला नेला तो पाठपुरावा न सोडणाऱ्या माणसांनीच.

माझ्याविषयी जे बोलले जाते ते तुझ्या कानावर असेलच: एका पाणीयोजनेपायी आयुष्य घालवले, मोठ्या शहरातल्या संधी सोडल्या. सोडल्या खऱ्या, आणि घरच्यांनी त्याची किंमत मोजली याची खंत आजही जात नाही. तरी त्या गावाच्या नळाला पाणी आले ते माझ्या पहिल्या बातमीने नव्हे, अधिकाऱ्यांना माझा वैताग आला तेव्हा. हे तुला पटवण्यासाठी सांगतो की स्वतःला, ते राहू दे.

नोकरी हवी तर घे. घर चालवायचे असते, त्यात कमीपणा नाही. पण आधी त्या मजुराच्या शवविच्छेदन अहवालासाठी माहिती अधिकारात अर्ज टाक. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील कर. नकार आला तर तो नकारच तुझी तिसरी बातमी आहे. मला आधी दाखव, आणि तिच्यात मजुराचे नाव पहिल्या वाक्यात असू दे.

तुझा,
एक जुना बातमीदार