विचारा की! : ओढ्याकाठची करंजं तोडू का नको?

प्रश्न : आमचं रान मोहोळ तालुक्यात. खालच्या अंगाला ओढा आहे, पुढं सीनेला मिळतो. ओढ्याच्या कडेनं करंज, बाभळी आणि दोन उंबरं असा जुना पट्टा आहे. दाजी म्हणतात सगळं काढून टाका, उसाच्या चार सऱ्या वाढतील, सावलीनं पीकही दबतंय. घरची म्हणते, विहीर ओढ्यालगतच आहे, झाडं गेली की पाणी खराब होणार. रोज वाद. खरं कुणाचं?

उत्तर : दादा, दाजी रुसतील, पण वहिनींचं बरोबर आहे.

आपली काळी माती तुम्हाला मी काय सांगणार. उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिला वळीव सगळा त्या भेगांत जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस आत न मुरता वरच्या वर पळतो, जाताना बारीक माती घेऊन जातो आणि डीएपी खतातलं फॉस्फरस त्या मातीलाच चिकटलेलं असतं. झाडाखालचा पालापाचोळा, गवत, उघडी मुळं यांना अडखळून पाणी हळू होतं आणि हळू झालं की ओझं खाली टाकतं. खोटं वाटत असेल तर मोठा पाऊस उघडला की करंजाखाली जाऊन बसा. पानांचे बोटभर उंचीचे बांध झालेले दिसतील आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मऊ गाळाची खपली. हा गाळ नाहीतर ओढ्यात गेला असता.

युरियाचं प्रकरण वेगळं. त्याचं नायट्रेट होतं, ते पाण्यात विरघळून जमिनीखालनं सरकतं, पाचोळ्याला दाद देत नाही. तिथं खोल मुळं कामाला येतात, काही ती शोषतात, आणि काठच्या ओल्या, कुजक्या मातीतले जिवाणू उरलेल्यातल्या बऱ्याचशा नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलीग्रॅमच्या वर नायट्रेट नको, आणि पाणी उकळून ते जात नाही बरं का, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. घरात बाटलीवरचं तान्हं बाळ असेल तर विहिरीचं पाणी आधी लॅबमधे तपासून घ्या, हे टाळू नका.

सावलीचा फायदा ओढ्यालाही आहे, पाणी थंड राहतं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला 9 मिलीग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. त्यात खत आणि ऊन दोन्ही मिळालं की हिरवं शेवाळ माजलंच.

आता दाजींचा मुद्दा. सावलीनं ऊस दबतो हे खरंय, मी नाकारत नाही. मग उसाकडच्या फांद्या छाटा, झाड कशाला पाडताय? आणि चार सऱ्या वाढवायच्या ऐवजी एक सोडा, तिथं मारवेल गवत लावा, जनावरांना वैरण होईल. रानातनं पसरून येणारं पाणी आधी दाट गवतात शिरलं पाहिजे, तिथंच जास्त गाळ बसतो, नुसत्या झाडांखाली उघडी जमीन असेल तर काही उपयोग नाही. उंबर मात्र विहिरीच्या बांधकामाला खेटून असेल तर त्या एकाला माफी नाही, मुळं दगड उचकटतात. पानं पडतात म्हणून तक्रार असेल तर विहिरीवर जाळी टाका.

झाडांकडनं नको ती अपेक्षाही नको. गटाराचा पाईप थेट पाण्यात सोडला असेल तर काठावर वडाचं बन लावलं तरी काय होणार? उजनी धरणात वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, ते काठच्या झाडांनी निवळत नसतं, ते शहरातच शुद्ध व्हायला पाहिजे.

तुमच्या रानातही असाच एक पाईप असू शकतो, फक्त मातीचा. पाणी साचू नये म्हणून पट्ट्यातनं आरपार चारी काढलीय का बघा. असली तर सगळं पाणी तिथनंच सुसाट जाणार, करंजं नुसती बघत उभी राहणार. ती चारी ओढ्याच्या आधीच बुजवा आणि पाणी गवतावर आडवं पसरू द्या.