लग्नाचा अल्बम भरलाय, पण संसाराचे कागद कुठायत?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं लग्न डिसेंबरात झालं, अरेंज मॅरेज. नवरा मेलबर्नला असतो, त्याला तिथली पीआर (कायमचं राहायची परवानगी) आहे. लग्नानंतर तीन आठवडे राहून तो परत गेला आणि आता आम्हाला माझ्यासाठी ऑस्ट्रेलियाचा ३०९ नंबरचा पार्टनर व्हिसा टाकायचाय. एजंट म्हणतो रिलेशनशिपचे पुरावे द्या. लग्नाचे साडेतीन हजार फोटो आहेत, पण जॉइंट अकाउंट नाही, दोघांच्या नावावर घर नाही, आणि लग्नाआधी आम्ही दोनदाच भेटलो होतो. व्हॉट्सअॅप चॅटची पीडीएफ काढली तर हजार पानांच्या वर गेली. यातलं काय लावू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, साडेतीन हजारातले पंधरा-वीस फोटो बास झाले, बाकीचे सासूबाईंच्या मैत्रिणींना दाखव. लग्न झालं की नाही ही शंका कोणालाच नसते, ते मॅरेज सर्टिफिकेट सांगतंच. अधिकाऱ्याला बघायचं असतं ते पुढचं, म्हणजे तो विमानात बसून गेल्यावर तुमचा संसार चालू आहे की नाही. आपल्याकडच्या बहुतेक फायली इथेच लंगड्या पडतात, हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं असतं आणि जानेवारीपासून पुढे काहीच नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये नवराबायकोचं नातं तपासताना चार बाजू बघायला सांगितल्यात : पैशाचे व्यवहार, घर कसं चालतं, लोक तुम्हाला जोडपं म्हणून ओळखतात का, आणि एकमेकांशी बांधिलकी किती. चारही सारख्या भरल्या पाहिजेत असं काही नाही, पण एखादी बाजू रिकामी असेल तर ती का रिकामी आहे हे लिहून टाकायचं, गप्प बसायचं नाही.

दोनदाच भेटलो हे लपवायचं तर अजिबात कारण नाही. अरेंज मॅरेज त्यांनाही माहितीये. तुम्ही दोघांनी आपापलं वेगवेगळं स्टेटमेंट लिहायचं, त्यात स्थळ कोणी आणलं, बघायचा कार्यक्रम कुठे झाला, दुसऱ्यांदा भेटलात तेव्हा काय ठरलं, होकार कधी कळवला, साखरपुड्यापासून लग्नापर्यंत रोज फोनवर बोलत होतात का, तो गेल्यापासून कसं चाललंय आणि पुढचं काय ठरवलंय, हे सरळ लिही. उगाच पहिल्या नजरेतलं प्रेम वगैरे घालू नकोस. आणि त्याचं स्टेटमेंट त्यालाच लिहू दे, एकाने लिहून दुसऱ्याने सही केली की दोन्हीकडे तीच वाक्यं येतात आणि ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. तारखा मात्र आधी बसून जुळवून घ्या, कारण साखरपुडा एकाने १२ ला आणि दुसऱ्याने १४ ला लिहिला की नसती भानगड.

लग्नाआधीच्या काळासाठी बायोडाटा, मॅट्रिमोनीवरचे पहिले मेसेज, पत्रिका, कार्यालयाची पावती, केळवणांचे फोटो लाव. केळवण हा फार चांगला पुरावा आहे बरं का, वेगवेगळ्या घरी वेगवेगळी माणसं तुम्हा दोघांना बसवून जेवायला घालतायत, लोकांनी जोडपं म्हणून मानलं हे याहून सोपं कसं दाखवणार? आहेराच्या वहीचं एखादं पान लावलंस तरी चालेल, पण आहेर म्हणजे काय हे एका ओळीत सांग. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि माणसं कोण ते लिही, नुसता घोळका लावून उपयोग नाही.

घराचं म्हणशील तर ते तीन आठवडे कुठे राहिलात ते दाखव, फिरायला गेला असाल तर दोघांच्या नावाचं हॉटेल बुकिंग, तिकिटं. आता तू सासरी राहतेस की माहेरी, तिथे तुझ्याकडे काय काय आहे, त्याच्या आईला दवाखान्यात कोण नेतं, लाइटबिल कोण भरतं, तो तिकडे भाड्याच्या घरात असेल तर ते लीज आणि तू गेल्यावर तिथेच राहणार की दुसरं बघणार, हे लिही.

पैशासाठी जॉइंट अकाउंटच हवं असं नाही. तो घरखर्चाला पाठवतो ते बँकेतून पाठवू दे म्हणजे स्टेटमेंटवर दिसेल, हातात रोख दिलेल्याचा कागद होत नाही. त्याच्या सुपरअॅन्युएशनला (तिकडचा निवृत्ती फंड) आणि तुझ्या विम्याला, पीपीएफला एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय का बघा, हे काम आपल्याकडे लग्नानंतर वर्षानुवर्षं राहून जातं. जॉइंट उघडायचंच असेल तर तो एनआरआय असल्यामुळे त्याला पहिला खातेदार करून साधं सेव्हिंग चालत नाही, एनआरओ (एनआरआयचं इथलं रुपयांतलं खातं) लागतं, आणि त्यात तुझं नाव बहुतेक फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीने घालतात, म्हणजे खातं तोच चालवतो. पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडून दोन एंट्र्या मारलेलं खातं कशासाठी उघडलंय ते कोणालाही कळतं, उघडलं तर वापरा.

आता ते हजार पानांचं चॅट. महिन्याला तीन-चार स्क्रीनशॉट घे, तारीख आणि नाव दिसलं पाहिजे, सोबत कॉल लॉग. निवडताना ‘जेवलीस का’ ‘हो तू?’ हे सोड, ते सगळेच विचारतात. ज्यात तिकिटाचं, त्याच्या शिफ्टचं, तुझ्या तापाचं, हप्त्याचं, सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बोलणं झालंय ते घे, संसार त्यात दिसतो. आणि मराठी चॅट इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं असलं तरी ते मराठीच आहे, भाषांतर जोडावं लागणार. म्हणून तरी कमी निवड.

भाषांतरासाठी ऑस्ट्रेलियात करून घेतलंत तर नाटीचा (NAATI, भाषांतरकारांना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यताप्राप्त भाषांतरकार लागतो. इथे भारतात करून घेतलंस तर ती अट नाही, पण भाषांतरकाराने खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि आपलं शिक्षण व अनुभव लिहायला हवा. ग्रामपंचायतीत नोंदवलेलं मराठी मॅरेज सर्टिफिकेट असेल तर हे आधी करून ठेव. अर्ज इमीअकाउंटवर, म्हणजे ऑस्ट्रेलिया सरकारच्या व्हिसाच्या साइटवर, ऑनलाइन असतो, तिथे मूळ कागदाचा रंगीत स्कॅन टाकायचा, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर शिक्के मारत बसू नकोस. एक फाइल ५ एमबीच्या आत, आणि फोटो एकेक न चढवता एका विषयाचे एका पीडीएफमध्ये बांध. फायलींना धड नावं दे, ‘स्कॅन००४७’ असलं काही नको.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून निघतो. गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे मिळून बारा महिने किंवा जास्त राहिलीस त्या प्रत्येक देशाचा लागतो. तो आणि मेडिकल दोन्ही साधारण वर्षभर चालतं, आणि निकालाला वर्षाहून जास्त लागणं काही नवीन नाही, त्यामुळे पुन्हा करायला सांगितलं तर घाबरू नकोस. अर्ज टाकला म्हणजे फाइल बंद असंही नाही, तो गणपतीला आला तर बोर्डिंग पास, नवे फोटो चढवत राहा. ३०९ तात्पुरता असतो, कायमच्या १०० नंबरच्या व्हिसासाठी अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षांनी परत पुरावे मागतात, तेव्हा हाच फोल्डर कामाला येतो.

आणि कोणी मागच्या तारखेचं भाडेकरार करून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठव. खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, वर तीन वर्षांची बंदी बसू शकते. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे आणि नकार आला म्हणून ती परत मिळत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं झालंय, पॅन अजून जुनंच. मॅरेज सर्टिफिकेटवर परत माहेरचंच. जावईबापू म्हणतात आधी सगळं एक करा मग व्हिसा. करायचं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : काकू, आपल्याकडे बाईचं नाव बदलतं म्हणजे नुसतं आडनाव नाही, मधलं वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पासपोर्टवर ते मधलं नाव गिव्हन नेममध्ये बसलेलं असतं. म्हणून बाहेरच्या माणसाला त्या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. पण सगळं एक करण्यासाठी थांबायची गरज नाही. व्हिसा पासपोर्टला जोडला जातो, तेव्हा अर्जात पासपोर्टवरचंच नाव घाला आणि ‘दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखतात का’ या प्रश्नाला हो म्हणून आधारवरचं नाव लिहा. बरेच जण तिथे नाही लिहून मोकळे होतात, मग आधार लावला की गोंधळ. मॅरेज सर्टिफिकेटवर माहेरच्या नावाशेजारी नवऱ्याचंही नाव असतं, त्यामुळे ते दोन नावांमधला दुवा म्हणून असतंच, सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अॅफिडेव्हिट केलंत तर बरं. नाव बदललंच पाहिजे असा कायदाही नाही. तिला स्वतःला बदलायचं असेल तर अर्जाच्या आधी नवा पासपोर्ट करून घ्या नाहीतर व्हिसा आल्यावर बघा, अर्ज चालू असताना मधेच पासपोर्ट बदलला तर लगेच कळवावं लागतं. मला विचाराल तर राहू दे माहेरचं, आणि जावईबापूंपेक्षा आधी मुलीला विचारा.

प्रश्न : माझा हा दुसरा विवाह. अॅडलेडला असतो, बायको पुण्यात. घटस्फोटाची कोणती कागदपत्रं लागतील? आणि आमच्या नात्याची साक्ष देणारा ८८८ फॉर्म कोणाकडून भरून घेऊ, ऑफिसमधला मोठा मॅनेजर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : मॅनेजरने बायकोला कधी पाहिलंय का? नसेल तर सोडा. ८८८ ला हुद्दा नको, माहिती हवी. अठरा वर्षांवरची, तुम्हा दोघांना ओळखणारी निदान दोन माणसं घ्या, जी तुमच्या लग्नाला आली होती किंवा बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, आणि त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. त्यांच्या ओळखपत्राची कॉपी जोडा.

घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा लागेल, वकिलाचं पत्र किंवा अर्जाची प्रत नाही. मराठीत असेल तर भाषांतरासकट. नव्या लग्नाची तारीख त्याच्या नंतरची आहे ना, तेही बघून घ्या. आधीच्या पत्नीलाही तुम्हीच स्पॉन्सर केलं असेल तर ते आत्ताच सांगा, कारण सहसा आयुष्यात दोनच वेळा स्पॉन्सर करता येतं आणि मधे पाच वर्षं जावी लागतात. पोलीस सर्टिफिकेट स्पॉन्सरलाही द्यावं लागतं, फक्त बायकोलाच नाही. हुकूमनाम्याची सर्टिफाइड कॉपी काढायला जिथे घटस्फोट झाला त्या फॅमिली कोर्टात स्वतः यायची गरज पडू नये म्हणून तुमच्या जुन्या वकिलांना आजच फोन करा, कारण जुनी फाइल रेकॉर्ड रूममधून वर यायला वेळ लागतो.