नागिणीनंतरची आग

ताई, नागिणीचे फोड वाळून तीन महिने झाले तरी पदर लागला की निखारा ठेवल्यासारखं होतं, हे मनाचे खेळ नाहीत. विषाणूने नस दुखावलीय. मला चार वर्षं झाली.

आत्ता एवढंच सांभाळा:

- प्रीगाबालिन, गाबापेंटिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या; दुखलं की तेवढ्यापुरत्या घ्यायच्या नव्हेत. रोज, वेळेवर घ्या. गुण यायला काही आठवडे लागतात. मी दहाव्या दिवशी आपल्या मनाने सोडली, फार भोगलं. बंद करायची तरी डॉक्टरांना विचारून, हळूहळू.
- हाच त्रास असलेल्या आमच्यातल्या कुणाचा डोस स्वतःला लावू नका.
- जुनं मऊ सुती ब्लाउज उलटं घाला, शिवण बाहेर.

मलमं, इंजेक्शनं नंतर बघू. रात्री आग वाढली की बिनधास्त फोन करा, मी जागीच असते.