भुतांच्या पार्टीत खेळायचं काय? : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या टपालात भुतं शिरतात. या वेळी तर जवळजवळ सगळेच प्रश्न हॅलोविन (३१ ऑक्टोबरचा, भुतंखेतं बनून साजरा करायचा पाश्चात्त्य सण) पार्टीतल्या खेळांचे आलेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, ३१ ऑक्टोबरला मुलीची मित्रमंडळी घरी येणारेत, दहा-बारा जणं असतील, वयं ४ पासून ९ पर्यंत सगळी मिक्स. कुठले खेळ घेऊ? ऑनलाइन शंभर-शंभर खेळांच्या याद्या वाचून डोकं गरगरायला लागलंय. – याद्यांना वैतागलेली आई

आधी त्या याद्या बंद करा बरं. दीड-दोन तासांच्या पार्टीला चार खेळ म्हणजे डोक्यावरून पाणी, त्यातलाही एखादा राहूनच जातो कारण मुलं एकाच खेळाला परत परत म्हणत बसतात. म्हणाली तर खुशाल परत घ्या, दर दहा मिनिटांनी नवीन काहीतरी काढलंच पाहिजे असं काही नाहीये.

सुरुवात ममीच्या (आई नव्हे, पट्ट्यांत गुंडाळलेलं इजिप्तमधलं प्रेत) खेळाने करा, कारण मुलं आल्या आल्या एकमेकांना लाजतात आणि या खेळात लाजायला वेळच मिळत नाही. तीन-तीनच्या टोळ्या पाडा, प्रत्येकीत एक मोठं, एक मधलं, एक छोटं, ज्याला हौस आहे त्याला ममी करायचं आणि बाकीच्या दोघांनी टॉयलेट पेपर गुंडाळायचा. टोळीला दोन रोल आणि चार मिनिटं पुरतात. अगदी पातळ एकपदरी रोल नको, तो दर दोन वेढ्यांनी तुटतो आणि पोरं चिडतात. गुंडाळायला कमरेपासून सुरुवात करायला लावा. पायापासून केली की हटकून दोन्ही पाय एकत्र बांधले जातात आणि मग ममी ओंडक्यासारखी आडवी होते. पाय वेगवेगळे गुंडाळायचे, गळ्याला आणि तोंडाला कागद लावायचा नाही, एवढे दोनच नियम, पण ते आधीच मोठ्याने सांगून टाका. खरी मजा शेवटी येते, तुम्ही "ममी जागी झाली!" म्हणून ओरडायचं आणि सगळ्या ममींनी एकदम कागद फाडून बाहेर यायचं. नंतर जो कचरा होतो त्याचे बोळे करून लांबून बादलीत मारायला सांगा, बादलीला चेटकिणीची कढई म्हणायचं, की घर आपोआप साफ.

दुसरा स्टॅच्यू. गाणं थांबलं की ज्या भुताच्या पोझमध्ये आहात तसंच थिजायचं. फक्त एक बदल करा, जो हलला तो आऊट होऊन कोपऱ्यात बसत नाही, तो भूत होतो आणि भुताचं काम काय तर हात न लावता बाकीच्यांना हसवायचं. चार-पाच वर्षांचं मूल पहिल्याच मिनिटाला आऊट झालं ना तर ते एकतर रडतं किंवा पडद्याला लोंबकळतं, म्हणून माझं तर स्पष्ट मत आहे की छोट्यांच्या पार्टीत बाद व्हायचे खेळ घेऊच नयेत.

तिसरं कोळ्याचं जाळं. पॅसेजमध्ये क्रेप पेपरच्या पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवा, दोन-तीन ठिकाणी छोट्या घंटा लटकवा, घंटा न वाजवता पलीकडे जायचं. लोकर किंवा दोरा वापरायचा मोह होतो पण तो मानेत अडकू शकतो, क्रेप पेपर कसा लगेच फाटतो. चौथा खेळ तुमच्या मुलीलाच ठरवू दे.

प्रश्न : डब्यात हात घालून 'हे भुताचे डोळे, हे आतडं' असं ओळखायचा खेळ करायचाय. आत काय काय ठेवू? आणि आमचा मुलगा (७ वर्षं) जरा घाबरट आहे, त्याला झेपेल का? – हौशी बाबा

झेपेल, आणि कसं झेपवायचं ते सांगतो. बाबा, हा खेळ सगळ्या हॅलोविन खेळांचा राजा आहे कारण यात खरं काहीच घडत नाही, जे काय घडतं ते मुलाच्या डोक्यात.

बुटांचे खोके घ्या, एका बाजूला मुलाचा हात जाईल एवढं भोक पाडा आणि त्या भोकाला आतून जुन्या मोज्याचा वरचा भाग चिकटवा, म्हणजे डोकावून बघता येत नाही. आत वाडग्यात वस्तू. उकडून गार केलेली स्पॅगेटी थोडं तेल लावून ठेवली की झालं आतडं. साल काढलेली द्राक्षं म्हणजे डोळे. मक्याच्या कणसाचे केस म्हणजे चेटकिणीचे केस, सुकवलेलं जर्दाळू म्हणजे कान, भोपळ्याच्या बिया म्हणजे नखं किंवा दात. आणि सगळ्यात भारी म्हणजे बर्फाचा हात, रबरी हातमोज्यात पाणी भरून गाठ मारून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि खेळाच्या वेळी वरचा हातमोजा कापून काढायचा. बोटं बारीक असतात ती पटकन तुटतात, म्हणून आधी जरा वेळ बाहेर ठेवा आणि मग हळू हळू काढा. सगळं गारच पाहिजे हं, कोमट स्पॅगेटीला कुणी घाबरत नाही.

आता तुमच्या मुलाचं. त्याला खोकी भरायला घ्या! द्राक्षं त्यालाच सोलायला लावा, डोळे कशाचे आणि कान कशाचे ते त्याला माहीत असू दे, आणि पार्टीत गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडे द्या, "हा बघा म्हाताऱ्या भुताचा कान…" वगैरे. ज्याच्या हातात गुपित असतं तो घाबरत नाही, उलट दुसऱ्यांना घाबरवायला इतका रंगतो की नंतर त्याला आवरावं लागतं. बाकी कुणाला हात घालायचा नसेल तर आग्रह नाही, चमच्याने ढवळून ओळखलं तरी चालेल.

दोन सावधगिऱ्या. पाच वर्षांखालची मुलं असतील तर अख्खी द्राक्षं ठेवूच नका, ती तोंडात जातात आणि घशात अडकतात. नखांसाठी बदामाचे काप वापरा असं बरेच जण सांगतात, पण कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का ते पालकांना आधी विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : पाण्यातलं सफरचंद तोंडाने पकडायचा खेळ खरंच जुना आहे की नुसतं फॅड? सगळ्यांची तोंडं एकाच टबात म्हणजे मला तरी किळस येते. – स्वच्छताप्रेमी

जुना आहे, चांगलाच जुना. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हॅलोविनच्या रात्री सफरचंदांचे खेळ फार आधीपासून चालत आलेत आणि तिथून गेलेल्या लोकांबरोबर ते अमेरिकेत पोचले. आयर्लंडच्या ब्लार्नीमध्ये १८३२ साली अशी एक पार्टी झाली, तिला गेलेल्या डॅनिएल मॅक्लिस या आयरिश चित्रकाराने पुढच्या वर्षी तिचं चित्रच काढलं, त्यात एकीकडे टबाभोवती जमलेली पोरं दिसतात आणि मध्ये फुलीसारख्या टांगलेल्या काठ्या. त्या प्रकारात दोन टोकांना सफरचंदं आणि दोन टोकांना पेटत्या मेणबत्त्या लावून काठ्या फिरवायच्या आणि तोंडाने फक्त सफरचंदच पकडायचं! आजच्या पालकांनी हे बघितलं तर पार्टीच कॅन्सल.

सफरचंद तरंगतं कारण त्याच्या आकारमानाचा पाव हिस्सा नुसती हवा असते. हे मुलांना आधी सांगा, मग सफरचंद आणि बटाटा दोन्ही पाण्यात टाकून दाखवा, बटाटा बुडतो, दोन मिनिटं त्यातच मस्त जातात.

किळसेचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. प्रत्येकाला वेगळं वाडगं आणि एक छोटं सफरचंद द्या, मोठं सफरचंद छोट्या तोंडात मावत नाही. देठ ठेवा, नवख्यांना तेवढाच आधार. नाहीतर पाणीच नको, दोरीला डोनट टांगा आणि हात मागे बांधल्यासारखे धरून खायला लावा, डोनट गालाला नाकाला लागत फिरत राहतो आणि बघणारेच जास्त हसतात. दोरी प्रत्येकाच्या तोंडाच्या उंचीला येईल अशी बांधा. टबच वापरणार असाल तर शेजारी एक मोठं माणूस पूर्ण वेळ हवं आणि खेळ संपला की टब लगेच रिकामा, छोट्या मुलाला थोडंसं पाणीही धोक्याचं असतं.

प्रश्न : मी ११ वर्षांची आहे. माझ्या पार्टीत बाळांचे खेळ नकोत, आम्हाला खरंच घाबरायचंय. सांग ना काहीतरी! – न घाबरणारी

आलं लक्षात! 'डोळा मारणारं भूत' खेळा. जेवढ्या जणी तेवढे पत्ते, त्यात एक जोकर आणि एक राजा, वाटून टाका. राजा ज्याला आला तो डिटेक्टिव्ह, त्याने पत्ता दाखवून गोलात मध्ये उभं राहायचं. जोकरवाली भूत, ती गप्प राहणार. भुताने कुणाला हळूच डोळा मारला की तिने लगेच काही करायचं नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग शक्य तितकं नाटक करत मरायचं, किंचाळून, लोळून, कसंही. डिटेक्टिव्हला तीन चान्स. पाच मोजायचं विसरू नका नाहीतर भूत लगेच पकडलं जातं. दिवे मंद करा पण डोळे दिसतील एवढा उजेड ठेवा, नाहीतर भुताचं कामच होणार नाही. अंधारात पळापळी मात्र नको, लांब झगे घालून कुणीतरी आपटतंच.

दुसरं, टॉर्च हनुवटीखाली धरून गोष्ट. एकीने तीन वाक्यं सांगायची आणि ऐन भीतीच्या जागी तोडून टॉर्च पुढे द्यायचा. कुणी मधेच म्हणाली की बास, तर बास, तिला चिडवायचं नाही हा.

प्रश्न : धाकटा तीन वर्षांचा आहे, मुखवटा बघितला की रडतो. पार्टीला त्याला दुसरीकडे ठेवू का? – दोघांची आई

कशाला? या वयात मुखवट्यामागे आपलाच दादा आहे हे कळून वळत नाही, चेहरा बदलला की माणूस बदलला. म्हणून त्याच्यासमोर मुखवटा घालायचा-काढायचा-घालायचा, हवं तर त्यालाच घालू दे. पार्टीत मुखवट्यांऐवजी टोप्या आणि गालावर थोडा रंग, असं सगळ्यांनाच सांगितलं तरी चालतं, तसंही मुखवट्यातून पोरांना नीट दिसत नाही आणि ती धडकतात. त्याला एका छोट्या भोपळ्यावर स्टिकरचे डोळे-नाक-तोंड चिकटवायला बसवा, आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. एवढ्यात तो खूश.

प्रश्न : बक्षीस एकालाच दिलं की बाकीचे रडतात, सगळ्यांना दिलं की मोठी मुलं म्हणतात हे काय. काय करावं? – गोंधळलेली मावशी

बक्षिसं नावं ठेवून द्या. सगळ्यात भयानक किंकाळी, सगळ्यात आळशी ममी, मेल्याचं बेस्ट नाटक, असं प्रत्येकाला काहीतरी, मोठ्यांनाही चालतं कारण ते ऐकायला गमतीशीर असतं. खाऊऐवजी चमकणारी ब्रेसलेट, स्टिकर, रबरी कोळी असं काहीतरी ठेवा. अमेरिकेत ज्या दारात हिरवट-निळ्या रंगाचा भोपळा ठेवलेला असतो तिथे मुलांना खाऊशिवायच्या वस्तूही मिळतात, ॲलर्जी असलेल्या मुलांचा विचार करून २०१४ पासून ही पद्धत तिथे देशभर पसरली. मावशी, तुम्हीही एक भोपळा तसा रंगवा आणि बक्षिसं त्यातच भरून ठेवा. भोपळा आधी आतून नीट कोरडा करा मात्र, नाहीतर स्टिकर सगळे ओले.