इंग्रजांचा 'टाइम्स' भारतीयांकडे कसा आला?

जळगाव स्टेशनवर मिळणाऱ्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या अंकात तळाशी बारीक अक्षरांत 'बेनेट, कोलमन' छापलेलं असतं. 'टाइम्स'चे इंग्रज मालक कोण होते, असं तुम्ही विचारलं होतं; ते हेच. पण कथा त्याआधीची आहे. 1838 मध्ये मुंबईत 'बॉम्बे टाइम्स' निघाला. 1857 च्या उठावानंतर संपादक जॉर्ज बुइस्ट भारतीयांविरुद्ध जहरी लिहू लागले, तेव्हा भागधारकांनी त्यांना काढलं. त्यात भारतीय भागधारक पुढे होते, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखं आहे. मग संपादक म्हणून रॉबर्ट नाइट आले, 'बॉम्बे स्टँडर्ड' हा दुसरा पेपर 'बॉम्बे टाइम्स'मध्ये विलीन झाला आणि 1861 पासून आजचं नाव लागलं. मालकी 1892 मध्ये बेनेट-कोलमन यांच्याकडे, 1946 मध्ये उद्योगपती रामकृष्ण दालमियांकडे आणि पुढे त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली. कंपनीचं नाव मात्र 'बेनेट, कोलमन' हेच राहिलं.